फेर्मा संख्या, पाचवी
२ च्या ३२ व्या घातात १ मिळविला असता येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढवीत नेऊन प्रत्येक घातात १ मिळविल्यास ज्या संख्या येतात, त्यांना फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांच्या नावावरून फेर्मा संख्या म्हणतात. पहिलीस शून्य क्रमांक देण्याचा प्रघात असल्याने प्रस्तुत संख्या पाचवी ठरते.

तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या पाचही संख्या अविभाज्य आहेत. त्यावरून अशा सर्वच संख्या अविभाज्य असाव्यात, असे मत फेर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून मांडले; मात्र सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी मान्य केले होते. क्रिस्टिआन गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये या विधानाकडे लेओनार्ड ऑयलर यांचे लक्ष वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७ असे दाखवून ते खोटे ठरविले. हे दोन्ही अवयव अविभाज्य आहेत.

६४१ हा अवयव केवळ दैवयोगाने सापडण्याजोगा नाही. सरसकट शोध घ्यावयाचा, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागेल. परंतु या संख्येच्या कोणत्याही अविभाज्य अवयवास ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, असे सिद्ध करता येते. आपली ही रीत ऑयलर यांनी पुढील एका लेखात स्पष्ट केली. अशा संख्या अनुक्रमे १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारास उत्तर मिळते. या रीतीचा आधार फेर्मा यांचेच एक प्रमेय आहे, हे लक्षणीय होय.

प्रत्यक्ष भागाकार न करताही ही विभाज्यता पडताळता येते. ६४० ला ६४१ ने भागता बाकी −१ मानता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. हा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. ६२५ ची बाकी −१६, म्हणजे उणे २ चा चौथा घात. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते आणि त्यात १ मिळविताच ६४१ ने निःशेष भाग जातो.

आधीच्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे प्रस्तुत संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी आहे. कार्ल फ्रीड्रिख गौस (१८०१) व प्येअर व्हांत्सेल (१८३७) यांच्या कार्यावरून, केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठ्याच्या बाजू इतक्याच आहेत. सहावी अविभाज्य फेर्मा संख्या आढळल्यास ही मर्यादा ओलांडली जाईल. तथापि पाचवीपासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या संयुक्त ठरल्या असून तेहतिसाव्या संख्येचा निर्णय अद्याप झालेला नाही.