पृथ्वीची फेरी आणि हरवलेला सेकंद

पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी घेते, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत पाहिलं, तर ही फेरी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांतच पुरी होते. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायला आणखी सुमारे चार मिनिटं लागतात.

याहून चिवट गैरसमज लीप सेकंदाचा. 1972 पासून जगाच्या घड्याळांत 27 वेळा एकेक सेकंद घातला गेला, शेवटचा 31 डिसेंबर 2016 रोजी. म्हणजे दर खेपेला दिवस एका सेकंदाने लांबला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दिवस 86,400 सेकंदांपेक्षा जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांनी मोठा होता. रोज दोन मिलिसेकंदांची तूट साठत गेली, की 500 दिवसांत पुरा सेकंद होतो. रोज दोन मिनिटं मागे पडणारं घड्याळ महिन्याभरात तासभर मागे जातं, पण म्हणून ते दिवसेंदिवस अधिक संथ होत नसतं. पृथ्वीचा वेग खरोखर मंदावतो तो मुख्यतः चंद्रामुळे होणाऱ्या भरती-ओहोटीने, तेही एकूण शतकात दिवस दोन मिलिसेकंदांहून कमी लांबेल इतकंच. त्यावर ऋतूंप्रमाणे बदलणारे वारे आपली भर घालतात. गेल्या काही वर्षांत तर पृथ्वी किंचित वेगाने फिरते आहे.

मग पृथ्वीचं हे फिरणं मोजायचं कसं? उपग्रह आहेत की, असं सहज म्हटलं जातं. अडचण अशी, की उपग्रहांच्या कक्षाही हळूहळू वळत असतात. पृथ्वी जास्त फिरली की कक्षा सरकली, हे केवळ जीपीएसच्या संदेशांवरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी पृथ्वीबाहेरची खूण लागते, आणि ती म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्वेसार, म्हणजे दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं. वेगवेगळ्या खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारचे संकेत टिपतात. ते एकीकडे आधी आणि दुसरीकडे नंतर पोचतात, तो सूक्ष्म फरक पृथ्वीचा कल आणि फिरणं सांगतो. 2019 पासून वापरात असलेली आंतरराष्ट्रीय खगोलीय संदर्भ चौकट अशा 303 निवडक स्रोतांवर बेतलेली आहे. आपल्या मोबाइलवरचा निळा ठिपका अखेर त्या दीर्घिकांच्या आधारावर उभा आहे. मला या साऱ्या खटाटोपातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांश म्हणून आखलेल्या पितळी रेषेवर उभं राहिलं तरी फोन शून्य रेखांश दाखवत नाही. तो तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला सापडतो. जमीन सरकली, असा तर्क लोक करतात. खरं कारण वेगळं आहे. ती रेषा जिच्यावरून ठरली, त्या खगोलशास्त्रज्ञ एअरीच्या दुर्बिणीची उभी दिशा पाऱ्याच्या थाळीने, म्हणजे तिथल्या गुरुत्वाकर्षणाने ठरवलेली होती, आणि ती दिशा तिथे किंचित कललेली आहे. आजच्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटीचा आरंभबिंदू मात्र पृथ्वीचं वस्तुमानकेंद्र आहे.

जमीन सरकते, तीही गोष्ट खरीच. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. नागपुरातला सर्वेक्षणाचा दगड जागच्या जागी पुरलेला असला, तरी या चौकटीत तो 20 वर्षांत मीटरभर सरकलेला असतो. म्हणून अचूक मोजणीत अक्षांश-रेखांशांपुढे ते कोणत्या तारखेचे, हेही नोंदवावं लागतं.