रायपूरची रुंदी किती?

'रायपूर' हा शब्द किती लांब? शाळकरी पोर सांगेल, रा-य-पू-र, चार अक्षरे. युनिकोड म्हणेल सहा, कारण काना आणि ऊकार ते वेगळे मोजते. फाइलमध्ये तोच शब्द १८ बाइट खातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. आणि काळ्या पडद्याच्या टर्मिनलला विचाराल तर उत्तर येते पाच!

हे पाच आले कुठून? टर्मिनलचा पडदा म्हणजे बुद्धिबळासारखा पट, जुन्या हिशेबाने ८० रकाने आणि २४ ओळींचा. मार्कस कून यांच्या रुंदी मोजण्याच्या प्रसिद्ध नियमात खाली लटकणाऱ्या ऊकाराला घर मिळत नाही, कान्याला मात्र स्वतंत्र घर मिळते. हिंदी पाटीवरचे 'रायपुर'ही मोजा: चार, सहा, अठरा, पाच. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचे ते आपण, टर्मिनलला दोन्ही सारखेच.

शेजारचे दुर्ग त्याहून गमतीचे. अक्षरे दोन, पण घरे तीन! रफार 'ग'च्या डोक्यावर चढला तरी 'र'चे घर हिशेबात राहतेच, म्हणून भोवती आखलेल्या चौकटीची उजवी कड हललेली दिसते. बिलासपूरची पहिली वेलांटी तर साठवली जाते 'ब'नंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी. अक्षरजुळणी न येणारे टर्मिनल ती सरळ उजवीकडे ठेवून मोकळे होते.

आता थोडे कामाचे. टर्मिनलचा पडदा हाताळणाऱ्या एनकर्सेस या लायब्ररीत असा मजकूर चौकटीत लिहिणारे फंक्शन आहे 'डब्ल्यू-ॲड-डब्ल्यू-स्टर'. पहिला डब्ल्यू विंडोचा, दुसरा वाइडचा. या कुटुंबात भावंडे आठ. 'एमव्ही'ने सुरू होणारी आधी जागा विचारतात, तीही ओळ आधी आणि रकाना नंतर. भूमिती शिकून आलेला हमखास उलटे देतो. मजकूर लिहिला तरी 'रिफ्रेश' म्हणेपर्यंत पडद्यावर काहीच येत नाही. ही कंजुषी जुनी आहे: ३०० बॉडच्या लाइनवर सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे जायची, म्हणजे १९२० घरांचा पडदा भरायला ६४ सेकंद! म्हणून बदलले तेवढेच पाठवायचे. आणि सुरुवातीला भाषा व संहिता ठरवणारे 'सेट-लोकॅल' विसरलात तर रायपूरच्या जागी भलतेच काही उमटेल.

छत्तीसगडकरांसाठी खास कोडे. हिंदीतला नुक्त्याचा 'ढ़' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच तयार चिन्ह, किंवा 'ढ' आणि वेगळा नुक्ता. पहिला तीन बाइटचा, दुसरा सहा. डोळ्यांना फरक शून्य, घर दोघांनाही एकच. पण साधा शोध घेतलात तर एक 'छत्तीसगढ़' दुसऱ्याला ओळखत नाही. आपण मराठीत सरळ 'ड' लिहितो आणि सुटतो.

हा रकान्यांचा गुंता मराठी मुलखात फार आधी हाताळला गेला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेले जिस्ट तंत्र तिथे वाढले आणि त्याचे कार्ड निघाले. ते संगणकात बसवले की डॉसवरचे वर्डस्टार आणि डीबेस देवनागरी दाखवू लागत; जोडाक्षरे जुळवायचे काम कार्डाचे, प्रोग्रॅमला पत्ताही नसे. त्यामागची इस्की संहिता १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात भारतातल्या प्रमुख ब्राह्मीकुळातल्या लिप्यांना एकच क्रमांकमाला होती, त्यामुळे लिपी बदलली की तोच मजकूर तेलुगूत उभा! युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच बेतला.

एनकर्सेसची एक खोडी सांगायची राहिली. चौकटीच्या अगदी उजव्या-खालच्या घरात अक्षर लिहून बघा. सरकवण्याची सोय बंद असेल तर एनकर्सेस ते अक्षर नीट लिहिते आणि वर चूक झाल्याचेही कळवते, कारण कर्सरला पुढे जायला जागाच नसते. माहीतगार मंडळी ती तक्रार सरळ कानाआड करतात.