मिरवणुकीत कोण चालते?

राष्ट्राभिमान वाढला की अल्पसंख्याकांची जागा आक्रसते, असे आपल्याकडच्या चर्चांत बहुधा गृहीत धरले जाते. नॉर्वे आणि स्वीडन या शेजाऱ्यांचा इतिहास काही वर्षे वाचत असताना हे गृहीतक मला अपुरे वाटू लागले.

भाषेने जवळचे असलेले हे देश अभिमानाच्या बाबतीत वेगळे आहेत. नॉर्वे शतकानुशतके डेन्मार्कच्या सत्तेखाली होता, पुढे १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाखाली आणि १९४० ते १९४५ या काळात नाझींच्या ताब्यात. त्यामुळे तिथला झेंडा सुटकेची खूण ठरला. १७ मे १८१४ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. त्या दिवसाचा मुख्य सोहळा म्हणजे लष्करी संचलन नव्हे, तर शाळकरी मुलांची मिरवणूक. स्वीडन मात्र एकेकाळची साम्राज्यसत्ता. त्याच्या राष्ट्रगीताच्या नेहमी गायल्या जाणाऱ्या दोन कडव्यांत देशाचे नावही येत नाही. ६ जूनच्या राष्ट्रीय दिनाला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती २००५ साली.

मग अल्पसंख्याकांना स्वीडनमध्ये अधिक जागा मिळाली का? कायद्यापुरते पाहिले तर अनेकदा होय. दुहेरी नागरिकत्व स्वीडनने २००१ साली मान्य केले, नॉर्वेने २०२० साली. पण अभिमान बोलून न दाखवणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. उत्तरेकडच्या सामी या मूळनिवासींची डोकी मोजणारी सरकारी वंशजीवशास्त्र संस्था १९२२ साली स्वीडनच्या उप्साला शहरातच स्थापन झाली होती. सामान्य माणूस झेंडा हाती घ्यायला संकोचत असताना, गेल्या शतकाच्या अखेरीस वर्णद्वेषी गटांनी तो मिरवला.

नॉर्वेचा अभिमानही निष्कलंक नव्हता. ज्या घटनेचा उत्सव होतो, तिच्याच दुसऱ्या कलमाने ज्यूंना देशात यायला बंदी केली होती. या बंदीविरुद्ध लढला तो हेन्रिक व्हेर्गेलान, म्हणजे १७ मेचा उत्सव लोकांत रुजवणारा कवी. घटनेवर प्रेम करणाऱ्यानेच तिच्यातला अन्याय दाखवला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो १८४५ साली वारला. बंदी उठली १८५१ साली. दरम्यान, १८४९ साली, त्याच्या थडग्यावर स्मारक उभे राहिले. ते उभारले नॉर्वेबाहेरच्या ज्यूंनी, कारण नॉर्वेत राहण्याची त्यांना मुभाच नव्हती.

सामींवर नॉर्वेनेही शाळांतून नॉर्वेजियन भाषा लादली. १९९७ साली राजा पाचवा हाराल्ड याने सामी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. १९९९ साली ऑस्लोच्या १७ मे समितीच्या प्रमुखपदी पाकिस्तानात जन्मलेल्या रुबिना राणा आल्या. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तरी मिरवणुकीच्या अग्रभागी त्या चालल्या.

या साऱ्यातून माझा निष्कर्ष असा : अभिमान किती आहे यापेक्षा त्यावर हक्क कोणाचा मानला जातो, हे निर्णायक ठरते. नागरिकत्वाचा कागद माणसाला देशात राहू देतो. ‘हा देश माझाही आहे’ असे चारचौघांत म्हणता येण्यासाठी मात्र उत्सवातही जागा लागते. नॉर्वेत ती आपोआप मिळाली नाही. ती प्रत्येक पिढीला मागावी लागली, आणि मागणाऱ्यांत झेंड्यावर प्रेम करणारेही होते.