‘फास्टर फेणे’ : ग्रंथांतील आणि पडद्यावरील

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या बनेश फेणे या मानसपुत्राच्या तोंडी वारंवार येणारा ‘ट्टॉक्’ हा उद्गार मराठी बालवाङ्मयाच्या वाचकांस अपरिचित नाही. तथापि त्यास ‘शब्द’ म्हणावे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मराठी शब्दाच्या आरंभी द्वित्त व्यंजन येत नाही. ‘पट्टा’, ‘खट्टू’ यांतील द्वित्ताला अगोदर स्वराचा आधार लागतो. त्यापुढील ‘ऑ’ हा स्वरही इंग्रजीतून आलेल्या शब्दांपुरताच मराठीत वावरतो. म्हणजे लेखनातील दोन अनियमितपणांनी वाचकाला सूचना मिळते की, येथे नेहमीप्रमाणे वाचून भागणार नाही. जीभ टाळूला लावून झटक्याने सोडली पाहिजे. अशा ध्वनींना झुलू, खोसा या दक्षिण आफ्रिकेतील भाषांत पूर्ण वर्णाचा दर्जा आहे. मराठीत ते हळहळ दाखविण्यासाठी अथवा जनावराला चुचकारण्यासाठीच उरले. जालना जिल्ह्यात गोदावरीकाठच्या शहागडकडे बैलगाडी हाकणारा गाडीवान आणि फुरसुंगीचा फेणे हे या बाबतीत एकाच कुळीचे होत. अंतर इतकेच की, गाडीवानाचा ध्वनी व्याकरणाच्या पुस्तकांत कोठे आढळत नाही आणि फेण्याचा मुलांच्या पुस्तकांत छापला गेला.

या छापील ध्वनीचे पुढे काय झाले, हे पाहण्याची संधी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाने दिली. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे, लेखन क्षितिज पटवर्धन यांचे, आणि नायकाची भूमिका अमेय वाघ यांची. तत्पूर्वी १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी फेणे साकारला होता.

पुस्तकातील फेणे हा शाळकरी मुलगा आहे. पुण्याच्या विद्याभवनात तो शिकतो, सायकलवर वारा पितो, आणि जेथे संकट तेथे तो हजर असतो. प्रतापगडावर तो आहे, काश्मीरमध्ये आहे, चक्रीवादळात आहे, विमानचोरांच्या वाटेतही आहे. हा किडकिडीत मुलगा येथे कसा पोहोचला, असे कोणी विचारीत नाही. या कथांत भूत नाही, जादू नाही. त्यांतील अद्भुतता या न विचारलेल्या प्रश्नात वसते. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांना शास्त्रीय वाटेल असे कारण जुळविणे अवघड नव्हते; ते फेण्याच्या बाबतीत त्यांनी फारसे मनावर घेतले नाही, हे योग्यच झाले.

चित्रपटाला ही मोकळीक परवडत नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’ केला, तेव्हा भुतांनी दिलेले वर त्यांनी जसेच्या तसे ठेवले. जादू उघड असली म्हणजे प्रेक्षक कारण मागत नाही. उलट, फेण्याची अद्भुतता झाकलेली असल्यामुळे पडद्यावर ती प्रथम बळी पडते. येथील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. परीक्षेच्या दिवशी ओळख झालेल्या विद्यार्थ्याचा मृत्यू त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि त्यातून परीक्षांतील गैरव्यवहार व त्यामागील आप्पा (गिरीश कुलकर्णी) यांपर्यंत तो पोहोचतो. आता त्याच्या धावपळीला कारण आहे, धोका आहे, सदसद्विवेकाची टोचणीही आहे.

या बदलाने दिशाही उलटली. पुस्तकांतील फेणे पुण्यातून बाहेर पडतो आणि वाचकाला देश दाखवितो. चित्रपटात बाहेरची मुले पुण्याकडे येतात. शहागडसारख्या गावातील वाचकाला विद्याभवनाचे जग कुतूहलाचे, पण दूरचे वाटत आले असेल. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा मात्र तेथील घरांतही चिंतेचा विषय आहे. या दृष्टीने चित्रपट पुस्तकापेक्षा अधिक घरांच्या उंबऱ्याशी गेला, हे मान्य केले पाहिजे. आणखी एक योग नोंदविण्यासारखा आहे : त्याच ऑक्टोबर महिन्यात फुरसुंगी पुणे महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. खेड्यातून शहरात आलेला मुलगा ही ओळखच त्या वेळी नकाशावरून पुसट होत होती.

दिलीप प्रभावळकर यांनी चित्रपटात भा. रा. भागवत यांची भूमिका केली आहे. लेखक आणि त्याचे पात्र एकाच घरात वावरतात. वास्तवाचा एवढा आग्रह धरणाऱ्या चित्रपटात खरी अद्भुत गोष्ट हीच होय, आणि तिचे स्पष्टीकरण कोणी देत नाही. पुस्तकातून हद्दपार झालेला न विचारलेला प्रश्न या मागच्या दाराने परत आला, असे म्हणता येईल. पुस्तके वाचून वाढलेल्या प्रेक्षकाला येथे जो आनंद होतो, तो कथानकाने दिलेला नसतो; तो ऋणस्वीकाराचा आनंद असतो.

परंतु ज्याने पुस्तके वाचलेली नाहीत अशा दहा वर्षांच्या मुलाचे काय? छापील ‘ट्टॉक्’ अपुरा असतो. वाचणाऱ्या मुलाने स्वतःची जीभ टाळूला लावल्याखेरीज तो पुरा होत नाही, आणि प्रत्येक मुलाचा ‘ट्टॉक्’ थोडा निराळा निघतो. पहिल्या खेपेस तो पुष्कळदा निघतच नाही. पडद्यावरील ‘ट्टॉक्’ तयार येतो, एका नटाच्या मुखातून, सर्वांना सारखा. त्याचे अनुकरण करता येते. तो घडवावा लागत नाही. वयाच्या बाबतीत हेच घडले आहे. ग्रंथांतील फेणे वाचकाच्या वयाचा राहिला आणि वाचक मोठे होत गेले. चित्रपटाने त्या मोठ्या झालेल्या वाचकांसाठी फेण्याला मोठे केले, आणि मुलाची जागा भूभू नावाच्या लहानग्याकडे सोपविली. शुभम मोरे याने ती भूमिका गोड केली आहे. परंतु भूभू हा साहाय्यक आहे, नायक नव्हे. आईवडिलांच्या शेजारी बसलेल्या मुलाला पडद्यावर आपल्या वयाचे जे पात्र दिसते, ते दुसऱ्याच्या साहसाच्या मागे धावत असते.