निष्कर्ष एक, वाचक अनेक

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एक निष्कर्ष जाहीर केला. दहा देशांतील २२ तज्ज्ञांनी आठशेहून अधिक अभ्यास पडताळून पाहिले होते. टिकवण्यासाठी किंवा चवीसाठी मिठात मुरवलेले, आंबवलेले, धुरावलेले वा अशाच प्रकारे प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, असा त्यांचा निर्णय होता. संस्थेने अशा मांसाचा समावेश पहिल्या गटात केला. तंबाखूही त्याच गटात आहे. जगभरातील अनेक वृत्तपत्रांनी नेमका हाच धागा उचलला आणि सॉसेज व सिगारेट यांना एका पंक्तीत बसवणारे मथळे झळकले.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नव्हता. मीठ, व्हिनेगर आणि मिरची-मसाल्यात मुरवून वाळवलेला चोरीस या व्याख्येत सहज बसतो. मात्र मथळा वाचणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात काय समजले, हा प्रश्न उरतोच. एक चोरीस-पाव खाणे म्हणजे एक सिगारेट ओढणे, असा अर्थ कोणी घेतला असेल तर तो चुकीचा होता. तसे संशोधकांनी कुठेही म्हटलेले नव्हते.

घोटाळ्याचे मूळ एका शब्दात आहे. इंग्रजीत ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत. मराठीत दोहोंसाठी आपण ‘धोका’ हा एकच शब्द वापरतो. पहिल्या संज्ञेचा अर्थ अपाय करण्याची क्षमता, तर दुसरीचा अर्थ अपाय प्रत्यक्ष घडण्याची शक्यता. विहिरीत बुडवण्याची क्षमता असते. पण विहिरीपासून लांब राहणाऱ्याची बुडण्याची शक्यता नगण्य असते. या संस्थेचे गट केवळ क्षमतेविषयीचा पुरावा किती भक्कम आहे, एवढेच सांगतात. पहिला गट म्हणजे पुरावा पुरेसा आहे. अपाय किती मोठा, हे त्या गटक्रमांकावरून कळत नाही. संस्थेने त्याच वेळी उद्धृत केलेल्या जागतिक अंदाजानुसार प्रक्रिया केलेले मांस अधिक असलेल्या आहारामुळे वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू होतात, तर तंबाखूमुळे होणारे कर्करोगमृत्यू सुमारे दहा लाख आहेत.

दुसरा घोटाळा आकड्याचा. दररोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते, असे संशोधन सांगते. हा आकडा एकटा छापला की वाचकाला वाटते, शंभरातील अठरा जणांना कर्करोग होणार. प्रत्यक्षात ही वाढ मूळ शक्यतेच्या तुलनेत आहे. पाश्चात्त्य देशांत आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच इतकी धरली, तर १८ टक्के वाढीने ती शंभरात सहाच्या जवळ जाते. भारतात या आजाराचे मूळ प्रमाण कमी असल्याने तीच टक्केवारी आणखी लहान वाढ दर्शवते. शिवाय ‘दररोज’ आणि ‘५० ग्रॅम’ या दोन अटी त्या आकड्याचाच भाग आहेत. सणासुदीला चोरीस खाणाऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

येथे लेखनशैलीचा प्रश्न उभा राहतो. हाच निष्कर्ष संस्थेने निरनिराळ्या रूपांत मांडला होता. ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा संक्षेप आला. तो वाचणाऱ्या डॉक्टरांना गटांचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून तिथे तो उलगडून सांगण्याची गरज नव्हती. पत्रकारांसाठी छोटे निवेदन निघाले. सामान्यांसाठी प्रश्नोत्तरे प्रसिद्ध झाली. त्यांत ‘तंबाखूइतकेच हे मांस घातक आहे काय?’ या आशयाचा प्रश्न घेऊन त्याला स्पष्ट नकारार्थी उत्तर दिले होते. सविस्तर पुराव्यांचा जाडजूड ग्रंथ २०१८ मध्ये आला. बातम्यांच्या गदारोळात मात्र निवेदनातील एक ओळ पुढे गेली आणि प्रश्नोत्तरे मागे राहिली. अखेर २९ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेला खुलासा करावा लागला: हे मांस पूर्ण सोडा असे आमचे म्हणणे नाही, प्रमाण कमी केल्यास या कर्करोगाची शक्यता कमी होऊ शकते.

वाचक बदलला की काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, हे या प्रकरणातून नीट कळते. क्रम बदलतो. शोधनिबंध आधी पार्श्वभूमी आणि पद्धत सांगतो, निष्कर्ष नंतर येतात. दैनिकात निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात हवा, कारण वाचक कुठल्याही ओळीवर थांबू शकतो. पारिभाषिक शब्द बदलतात. वाक्ये आखूड होतात. दिवाळी अंकातील दीर्घ लेखाला मतभेदांची आणि अपुऱ्या पुराव्यांची चर्चा परवडते, आरोग्यपत्रिकेला ‘मग मी काय करावे?’ याचे उत्तर द्यावे लागते. परंतु परिणामाचे मोजमाप, पुराव्याचा भक्कमपणा आणि निष्कर्षाच्या अटी या तीन गोष्टी सर्व ठिकाणी त्याच राहायला हव्यात. याच अहवालाने लाल मांसाविषयी केवळ ‘बहुधा’ असे म्हटले होते. तो ‘बहुधा’ जागा वाचवण्यासाठी गाळला, तर भाषा सोपी होत नाही, निष्कर्षच बदलतो. ‘मुळे होतो’, ‘होऊ शकतो’ आणि ‘संबंध आढळला’ ही मराठीतील तीन वेगळी विधाने आहेत, आणि संपादकाच्या कात्रीत सर्वांत आधी सापडतात ती हीच क्रियापदे.

सोपे लिहायचे तर पुरावा वगळावाच लागतो, हा समजही खरा नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या जिज्ञासेला वळण दिले. पुढे हार्वर्ड विद्यापीठासाठी त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ते काम मूठभर विद्वानांसाठी होते. तेच कोसंबी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात सामान्य वाचकाशी बोलतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा ते तिथे नाकारतात आणि शाक्य-कोलियांमधील संघर्षाकडे लक्ष वेधतात. एवढा मोठा दावा करताना ते मूळ पाली वचने आणि त्यांचा मराठी अर्थ वाचकासमोर ठेवतात. भाषा घरगुती आहे, पण आधार डोळ्यांसमोर आहे; पटले नाही तर वाचकाला वाद घालता येतो.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ यांचे बहुतेक संशोधन इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध होते. त्यातील कित्येक विषय मासेमाराच्या जाळ्याशी आणि शेतकऱ्याच्या खाजन जमिनीशी थेट जोडलेले असतात. ते मराठीत आणताना संशोधकाने निबंधाचा सारांश जसाच्या तसा भाषांतरित करून धाडू नये आणि वृत्तपत्रानेही त्यातील एकच आकडा उचलून मथळा करू नये. लेख पाठवण्यापूर्वी आणि छापण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे कशाच्या तुलनेत? किती प्रमाणात आणि कोणासाठी? पुरावा किती पक्का? वाचकानेही बातमी वाचताना हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मजकुरात सापडली नाहीत, तर त्या बातमीवर विसंबून आपले ताट बदलण्याची घाई करू नये. ज्याच्या कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास आहे, त्याने मथळ्यापेक्षा आपल्या डॉक्टरांना विचारणे अधिक शहाणपणाचे.