जुरूच्या जागी उभे राहून

सहानुभूती आणि समानुभूती हे शब्द मराठीत सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. सहानुभूतीत दुसऱ्याच्या दुःखाने हळहळ वाटते. हळहळणारा मात्र काठावरच असतो. समानुभूतीत त्या दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला दिसते तसे जग पाहावे लागते. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, ती याच्या फार जवळची आहे. वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान सोडत नाही, असा तिचा आशय.

या कल्पनेची परीक्षा घ्यायला गडचिरोलीसारखे ठिकाण नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्या वाचकाला मुख्यतः चकमकीच्या बातम्यांतून माहीत आहे. बातमीत गावाचे नाव, मृतांचा आकडा आणि सापडलेल्या बंदुका असतात. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून काम केलेल्या विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी बातमीच्या मागे जाते. तिचा नायक जुरू हा माडिया तरुण. सरकारी माणसे आणि ठेकेदार त्याच्या जंगलात येतात, पाठोपाठ नक्षलवादी येतात, आणि हे सगळे वाचकाला जुरूच्या बाजूने पाहावे लागते. त्याचा मार्ग पटण्याची अट नाही. समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हा धडा व्याख्यानापेक्षा कादंबरी सहज देते.

हे कसे घडते, ते तेंदूपत्त्याच्या हंगामात दिसेल. सत्तर पानांचे एक पुडके आणि त्याचा ठरलेला दर, एवढे अहवालात सापडते. भर उन्हाळ्यात पहाटे जंगलात गेलेली बाई संध्याकाळी फळीवर पुडके मांडून बसते. मोजणारा मुन्शी एक पुडके उचलतो, पाने कमी आहेत म्हणत बाजूला टाकतो. चांगला कथाकार इथे बाईच्या मनातला संताप शब्दांत सांगत बसत नाही. ती उरलेल्या पुडक्यांच्या गाठी पुन्हा आवळते, एवढेच तो लिहितो. बाकीचे वाचकाला स्वतःच्या मनातून भरावे लागते, आणि समानुभूतीची तालीम होते ती या भरण्यात. ज्या गोष्टीत खलनायक पहिल्याच पानावर ओळखू येतो, तिथे ही मेहनत फारशी पडत नाही.

माहितीपर पुस्तकाचे काम वेगळे. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क कसा मिळवला ते कळते. असे पुस्तकही हवेच. फक्त ते वाचकाला जुरूच्या कातडीत घुसायला लावत नाही.

विज्ञानाचा कौल मात्र जरा जपून घ्यावा. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो या मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. साहित्यिक कथेचे उतारे थोडा वेळ वाचलेली माणसे केवळ डोळ्यांची छायाचित्रे पाहून भावना अधिक अचूक ओळखत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. २०१८ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात परिणाम आढळला, पण लहानसा. एक उतारा वाचून माणूस बदलत नाही, हे कोणत्याही ग्रंथपालाने न मोजताच सांगितले असते. आयुष्यभराच्या वाचनाचे काय, हे प्रयोगशाळेत मोजणे फार अवघड. शिवाय मुळात मनमिळाऊ माणसेच कादंबऱ्यांकडे वळतात की काय, ही शंकाही उरतेच.

जुरूच्या कादंबरीची एक मर्यादा मान्य करायला हवी. माडिया ही द्राविडी कुळातली भाषा, कादंबरी मराठीत, लेखक बाहेरून येऊन तिथे राहिलेला आणि वाचक बहुतेक शहरातला. म्हणजे समजून घेण्याचा हा प्रवास एकाच दिशेने होतो. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रींनी गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून ती दिशा बदलली. हेमलकशाच्या आश्रमशाळेत १९७६ पासून माडिया मुले मराठी वाचायला शिकत आहेत. जुरूची गोष्ट आता त्यांच्याही हाती आहे, आणि ती कुठे चुकली ते सांगण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.