घटसर्प एक कीं दोन? रोगांच्या याद्या जोडतांना येणारी विसंगति

घटसर्प हा शब्द आपण दोन दुखण्यांस लावितों. लेंकराच्या घशांत पडदा धरून श्वास कोंडतो तो घटसर्प, आणि पावसाळ्याच्या तोंडीं म्हशीचा गळा सुजून ती घरघरूं लागते तोही घटसर्पच. खुलताबाद तालुक्यांतील शेतकरी यांत फसत नाहीं. कारण रोगी कोण हें त्याच्या डोळ्यांपुढें असतें. पहिल्याचा जंतु कॉरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरी, दुसऱ्याचा पाश्चुरेला मल्टोसिडा, लशीही निराळ्या. परंतु हींच नांवें संगणकाच्या वहींत चढलीं म्हणजे तेथें डोळे नसतात, केवळ विधानें असतात.

रोग, अवयव, औषधें यांच्या संज्ञा व त्यांचे परस्परसंबंध नियमबद्ध रीतीनें मांडलेल्या संग्रहास 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. कोशांत शब्द व अर्थ एवढेंच असतें. येथें 'अमुक हा तमुकाचा प्रकार आहे', 'अमुक व तमुक कधींही एक असणार नाहींत' अशीं विधानें असतात, आणि त्यांवरून यंत्र स्वतः अनुमान काढतें. असे संग्रह पुष्कळ झाले असून ते जोडण्याचें काम जगभर चाललें आहे. 'स्नोमेड सीटी' हा संग्रहच मुळीं २००२ सालीं एक अमेरिकन व एक ब्रिटिश संग्रह जोडून निघाला.

आमची नोकरी महसूल खात्यांत गेली, म्हणून तेथील दाखला देतों. मराठवाड्यांत १९४८ पर्यंत निजामी अंमल होता व दप्तरांत फसली सन असे. त्यांत ५९० मिळविले म्हणजे सुमारें इसवी सन येतो. आतां आजोबांनीं फसली १३५० सालीं शेत घेतलें आणि नातवांनीं इसवी १९८५ सालीं वाटणी केली, असें धरा. दोन्ही नोंदी आपापल्या जागीं बरोबर. 'सन' हा रकाना एकच समजून कोणी एकत्र नक्कल केली, तर मध्यें ६३५ वर्षें पडतात! दोन खऱ्या वह्यांची मिळून एक खोटी वही होते ती अशी.

घटसर्पाचें तसेंच. माणसांच्या यादींत 'घटसर्प हा मनुष्यासच होणारा रोग' असें आहे. गुरांच्या यादींत 'घटसर्प हा गुरांसच होणारा रोग' असें आहे. आणि 'मनुष्य व गुरें हे वर्ग भिन्न' हें तर उघडच. नांव एक म्हणून रोग एक असें चौथें विधान जोडणारानें घातलें कीं घोटाळा झाला. मनुष्य असून गुरूंही असा रोगी जगांत नाहीं, तेव्हां घटसर्पाचा रकाना कायमचा रिकामा ठरतो. रकाना रिकामा आहे तोंवर बाकीची वही चालते. पण कोणा शेतकऱ्याची खरी आजारी म्हैस त्यांत चढली, कीं सबंध वहीच परस्परविरुद्ध होते. आणि परस्परविरुद्ध विधानांवरून तर्कशास्त्राप्रमाणें वाटेल तें सिद्ध करतां येतें. मग त्या वहीचा उपयोग काय?

असे दोष हुडकणारे आज्ञासंच आहेत. विरोध उत्पन्न करणाऱ्या विधानांचा लहानांत लहान गट ते काढून देतात. परंतु त्यांतलें कोणतें विधान मागें घ्यावें, तें जाणत्या माणसानेंच ठरवावें लागतें. वरील चारांपैकीं 'मनुष्य व गुरें भिन्न' हें खोडलें तरी यंत्र गप्प बसतें! आळशी जुळवणीदार हाच मार्ग धरतात, व दुखणें झांकलें जातें. खरा उपाय म्हणजे चौथें विधान काढून रोगांस दोन स्वतंत्र क्रमांक देणें. 'मोंडो' नामक संग्रहांत मनुष्याच्या व इतर प्राण्यांच्या रोगांच्या शाखा वेगळ्या ठेविल्या आहेत, त्या याचसाठीं.

यंत्राला विरोध न दिसतांही चूक राहते, हें अधिक घातक. 'देवी' घ्या. माणसांतील देवीचें निर्मूलन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. मेंढ्यांची देवी अद्याप आहे, व तिचा विषाणु गुरांच्या लंपीच्या विषाणूचा भाऊबंद. म्हणूनच २०२२ सालीं लंपीच्या सांथींत आपल्या गुरांस शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. दोन्ही 'देवी' एक मानल्या आणि वर्ग भिन्न असल्याचें विधान कोणीं लिहिलेलेंच नसलें, तर यंत्र ब्रही काढीत नाहीं. मात्र धनगराच्या मेंढ्या मरत असतां वही सांगते कीं हा रोग पृथ्वीवर उरला नाहीं. सुसंगत वही आणि खरी वही यांत असें अंतर आहे.

आतां जनावरांच्या कानांत १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो व उपचारांची नोंद त्यावर चढते. तरी दवाखान्यांत गेल्यावर बिल्ल्याचा क्रमांक, रोगाचें गांवांत चालणारें नांव, आणि गळा, खूर, कातडी यांपैकीं कोठें काय दिसलें, हें तिन्ही डॉक्टरांस सांगावें. नुसतें 'देवी' किंवा 'घटसर्प' एवढेंच लिहिलें गेलें, तर पुढें याद्या जुळविणारास दुसरा आधार राहत नाहीं.